तुमचं काय काय झालं?

संध्याकाळी सहा-साडेसहाला, ऐन धंद्याच्या वेळी, वडापावच्या गाडीपाशी थोडा वेळ नुसतं उभं राहावं. कढईतून वडे निघत असतात, गाडीवाला एका हाताने पाव फाडतो, दुसऱ्या हाताने चटणी लावतो, आणि भोवती पंधरा-वीस माणसं हातात कागद घेऊन उभी असतात. कोणी एक संपवून दुसरा मागतो, कोणाला जास्तीची मिरची हवी असते, कोणी मध्येच भजीची प्लेट उचलतो. गाडीवाला काहीही लिहून ठेवत नाही. गिऱ्हाईक हात पुसत पुढे येतं तेव्हा कढईवरची नजर न काढता तो एवढंच विचारतो, "तुमचं काय काय झालं?" मग गिऱ्हाईक सांगेल ते बिल.

हा व्यवहार इतका अंगवळणी पडलाय की त्यात नवल वाटण्यासारखं काही आहे हे लक्षातही येत नाही. पण हिशेब मांडून बघा. तीन खाऊन दोन सांगितले तर पकडलं जाण्याची भीती जवळपास नाही. पावती नाही, दंड नाही. अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतला तो स्वार्थी शहाणा माणूस इथे रोज एक वडा फुकट खाईल. तरीही अशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात, त्यांच्या गल्ल्यावर मुलांची शिक्षणं होतात. विश्वासावर सोडलेल्या व्यवस्था टिकतात का, टिकल्या तर कशाच्या जोरावर, आणि माणूस लबाडी करतो ती नेमकी कुठल्या क्षणी, यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर खूप काम झालंय. त्यातलं काही फार देखणं आहे, काही चक्क बनावट निघालं.

माझ्या मते या विषयातली सर्वांत भरवशाची चोपडी विद्यापीठात लिहिलेलीच नाही. ती वॉशिंग्टनच्या एका बेगलवाल्याची आहे. पॉल फेल्डमन हा अमेरिकन नौदलाच्या शस्त्रखर्चाचं विश्लेषण करणारा माणूस. संशोधनाचं नवं कंत्राट मिळालं की तो सहकाऱ्यांना बेगल आणायचा. बेगल म्हणजे मधे भोक असलेला, आधी उकळून मग भाजलेला पाव. पुढे दर शुक्रवारची प्रथाच पडली, इतर मजल्यांवरचे लोकही येऊ लागले, म्हणून त्याने शेजारी पैशांची टोपली आणि किमतीची पाटी ठेवली. १९८४ मध्ये नोकरी सोडून त्याने हाच धंदा धरला. सकाळी कचेरीत बेगल आणि पैशांची सोय ठेवून जायचं, जेवणाच्या सुट्टीआधी येऊन उरलेला माल आणि जमलेली रक्कम उचलायची. पुढे पुढे तो १४० कंपन्यांत आठवड्याला ८,४०० बेगल पोचवत होता, आणि आकडेमोडीची सवय गेलेली नसल्यामुळे किती ठेवले, किती गेले, किती पैसे आले, याची रोजची नोंद ठेवत होता.

स्वतःच्या जुन्या कचेरीत ९५ टक्के वसुली होत असे. बाहेर गेल्यावर त्याला आपली फूटपट्टी खाली आणावी लागली. नव्वदच्या वर गेलेली कंपनी त्याच्या लेखी प्रामाणिक, ऐंशी ते नव्वदमधली चालवून घेण्यासारखी, ऐंशीच्या खाली गेली की तो तिथे चार खडे शब्द लिहिलेली चिठ्ठी चिकटवायचा. १९९२ पासून वसुली हळूहळू घसरत गेली. २००१ च्या उन्हाळ्यात ती सुमारे ८७ टक्क्यांवर होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ती दोनेक टक्क्यांनी वर चढली. कमी माणसांच्या कचेऱ्या मोठ्या कचेऱ्यांपेक्षा तीन ते पाच टक्के जास्त पैसे देत. हवा छान असली की वसुली चांगली, पावसाळी आणि गारठलेल्या दिवशी वाईट. नाताळच्या आसपासही वाईट. एका कंपनीत वरचा मजला साहेबांचा आणि खालचे दोन कारकून-विक्रेत्यांचे होते, तर वरच्या मजल्यावर वसुली कमी भरायची. यावर फेल्डमनचा तर्क असा, की सगळं आपल्या हक्काचंच आहे ही भावना या माणसांत फार वाढलेली असावी. तर्क चविष्ट आहे, पुरावा म्हणून एका इमारतीचा दाखला फार थोडा आहे.

या चोपडीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी नोंद बेगलची नाहीच, डब्याची आहे. टोपलीतले पैसे जात म्हणून त्याने फट पाडलेले लाकडी डबे केले. वर्षाला असे सुमारे सात हजार डबे तो उघड्यावर ठेवून येई, आणि त्यांतला सरासरी एक चोरीला जाई. म्हणजे जी माणसं दहा-बारा टक्के बेगल फुकट खात होती, तीच शेजारचा पैशांनी भरलेला डबा उचलत नव्हती. बेगल घेताना "सुटे नाहीत, उद्या टाकतो" असं म्हणता येतं. डबा काखेत मारताना स्वतःला सांगायला काहीच उरत नाही.

पुढे प्रयोगशाळांत जे सापडलं त्याचा अर्थ या डब्यापाशी लागतो. झुरिकमध्ये उर्स फिशबाखर आणि फ्रान्झिस्का फोल्मी-ह्युसी यांनी विद्यार्थ्यांच्या हातात एकेक फासा दिला. एकट्याने टाकायचा, कोणाला दाखवायचा नाही, पडलेला आकडा फक्त सांगायचा. जेवढा आकडा तेवढे फ्रँक, मात्र सहा पडला तर शून्य. कोण खोटं बोललं हे कधीच कळणार नाही, पण सगळ्यांची बेरीज लपत नाही, कारण फासा प्रत्येक आकडा सारख्याच प्रमाणात देतो. २०१३ मध्ये छापलेल्या त्या निबंधाचा अंदाज असा, की ३९ टक्के लोक पूर्ण खरं बोलले आणि वीसेक टक्क्यांनी बेधडक कमाल रक्कम उचलली. उरलेले मधे कुठेतरी होते. 'चार' सांगणारे लोकही हवे त्यापेक्षा जास्त निघाले. खोटं बोलायचंच तर पाच का सांगू नये? कारण पाच म्हटलं की आपण लबाड ठरतो, निदान स्वतःच्या नजरेत. चार म्हटलं की थोडं नशीब, थोडी चलाखी.

असे प्रयोग पुढे इतके झाले, की २०१९ मध्ये योहानेस आबेलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ९० अभ्यास आणि ४४ हजारांहून जास्त माणसं एकत्र करून हिशेब लावला. खोटं बोलून जेवढं कमावता आलं असतं त्यातलं सरासरी तीन-चतुर्थांश लोकांनी सोडून दिलं होतं. माणूस सज्जन की लबाड हा प्रश्न यानंतर मला तरी भाबडा वाटतो. लोक थोडीशी लबाडी करतात, आणि ती थोडीशी म्हणजे किती हे जो तो आपल्या मनाला समजावता येईल तेवढ्यावर ठरवतो.

इथे एका फजितीची नोंद करायला हवी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या विषयावर भाषणं आणि पुस्तकं यांचा पूर आला होता आणि त्यात काही झटपट उपाय होते. फासा टाकण्याऐवजी गणितं सोडवायला देऊन आधी बायबलमधल्या दहा आज्ञा आठवायला सांगितल्या तर लबाडी थांबते, हा २००८ चा निष्कर्ष. दहा वर्षांनी बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा करून पाहिला, काहीच सापडलं नाही. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक खरं लिहितात, हा २०१२ चा शोध कचेऱ्यांनी उत्साहाने उचलला. २०२० मध्ये त्याच लेखकांनी तो पुन्हा करून पाहिला, जमला नाही. २०२१ मध्ये आकडे तपासणाऱ्या तिघा संशोधकांनी दाखवून दिलं, की त्यातल्या मोटारविम्याच्या प्रयोगाचे आकडे बनावट आहेत, आणि निबंध मागे घेतला गेला. त्याच्या एका सहलेखिकेच्या इतर कामाचीही चौकशी झाली आणि २०२५ मध्ये हार्वर्डने तिची कायम नेमणूक काढून घेतली. तिने आरोप नाकारले आहेत. प्रामाणिकपणावरच्या निबंधात आकडे बनावट, हा विनोद सगळ्यांनी केला. पण संशोधन हाही "तुमचं काय काय झालं" असाच व्यवहार आहे. नियतकालिक विचारतं, संशोधक सांगतो.

याच काळातला दुसरा गाजलेला प्रयोग डोळ्यांचा. न्यूकासल विद्यापीठातल्या चहाकॉफीच्या खोलीत किमतीच्या पाटीवर काही आठवडे फुलांचं चित्र लावलं आणि काही आठवडे रोखून बघणाऱ्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यांत डब्यात जवळजवळ तिप्पट पैसे पडले. २००६ सालच्या या निष्कर्षाची कीर्ती फार झाली, पण नंतर सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नुसत्या चित्रातल्या डोळ्यांनी माणूस उदार होतो असं दिसलं नाही. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरश्या बसवतात, लोकांनी पिंक टाकू नये म्हणून. त्या कशाने चालतात? माझ्या मते डोळ्यांनी नाही. देवावर थुंकणं हे कुठल्याच सबबीत बसवता येत नाही, म्हणून.

सबबीचं हेच गणित २०१९ च्या पाकिटांच्या प्रयोगात फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७ हजारांहून अधिक पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणी "हे सापडलं, तुम्ही बघा" म्हणून सोपवली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. सामान्य लोकांची अपेक्षा अशी की पैशांची पाकिटं जास्त गायब होतील, आणि अर्थशास्त्रज्ञांनाही पुढचा निकाल ओळखता आला नाही. झालं उलटं. रिकामी पाकिटं सरासरी ४० टक्के परत आली, पैसे असलेली ५१ टक्के. तीन देशांत रक्कम सातपट केली तर परत येण्याचं प्रमाण आणखी वाढलं. रिकामं पाकीट खणात पडून राहिलं तर तो आळस असतो. पैशांचं राहिलं तर ती चोरी होते. (मुंबईकरांसाठी आनंदाची बातमी: २०१३ मध्ये रीडर्स डायजेस्टने १६ शहरांत बारा-बारा पाकिटं टाकली, तेव्हा हेलसिंकीत अकरा परत आली आणि मुंबईत नऊ, म्हणजे दुसरा नंबर. बारा पाकिटांवरून शहराचं चारित्र्य ठरत नाही, हे मुंबईकर कोणाला सांगणार नाहीत.)

दंडाचं काय? दंड ठोठावला की लोक सुधारतात, हे आपण धरून चालतो. इस्रायलमधल्या हैफा इथे काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणारे वाढून जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती, आता त्या वेळेचे पैसे मोजले जात होते. पुढे दंड रद्द केला तरी लाज परतली नाही. ऑस्ट्रियात रविवारची वर्तमानपत्रं खांबाला पिशवीत लटकवून विकतात, पैसे फटीतून टाकायचे. तिथे "चोरी हा गुन्हा आहे" असं लिहून फरक पडला नाही, प्रामाणिकपणाची आठवण करून दिल्यावर थोडे जास्त पैसे पडले. स्टॉकहोममध्ये तर २००१ मध्ये प्लांका नावाची संघटना निघाली. सभासदांनी दरमहा वर्गणी द्यायची, मेट्रोत फुकट हिंडायचं, आणि पकडलं गेलं की दंड संघटनेने भरायचा. दंडाला किंमत समजण्याचं शेवटचं टोक हेच.

मुंबईच्या लोकललाही फाटकं नाहीत. कोणीही सरळ फलाटावर जाऊन गाडीत चढतं, आणि ही जगातल्या सर्वांत गर्दीच्या रेल्वेंपैकी एक आहे. एवढ्या गर्दीला फाटकातून काढायचं म्हटलं तर फाटकांपाशीच चेंगराचेंगरी होईल, म्हणून रेल्वेने हिशेब करून विश्वास पत्करलाय आणि वर टीसींचं शिंपण केलंय. पकडलं तर भाडं आणि किमान २५० रुपये. इथल्या सबबी ऐकण्यासारख्या असतात. पास परवाच संपला. रांग फार होती. सेकंडचा पास असून फर्स्टमध्ये उभा आहे, पण बसलो कुठे? यांतल्या एकाही माणसाला तुम्ही 'फुकटा' म्हणालात तर तो मनापासून दुखावेल. मोबाइलवर तिकीट काढायचं अॅप आलं तेव्हा त्यात एक अट घातली होती: रुळांच्या जवळ उभं राहून तिकीट निघणार नाही. कारण उघड आहे. नाहीतर तिकीट काढण्याची आठवण लोकांना समोर काळा कोट दिसल्यावरच झाली असती. ही अट ज्याने सुचवली त्याला माणूस कळलेला होता.

विश्वासाचं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर. घरांना दारं नाहीत, चोरी करणाऱ्यावर शनी कोपतो ही श्रद्धा. २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा सगळीकडे छापून आलं. मात्र त्या शाखेला काचेचा दरवाजा होता आणि तिजोरीची काळजी वेगळी घेतलेली होती. त्याच सुमाराला भाविकांच्या गाड्यांतून ऐवज गेल्याच्या तक्रारीही आल्या. २०१५ मध्ये गावाला स्वतंत्र पोलीस ठाणं मिळालं. आणि २०२५ मध्ये देवस्थानच्या नावाने बनावट अॅप काढून भाविकांकडून पैसे उकळल्याचं प्रकरण विधानसभेत गाजलं. यावर "बघा, श्रद्धा खोटी" असं म्हणणं सोपं आहे, पण त्यात मुद्दा हुकतो. दार नसलेल्या घरातलं भांडं उचलायला चोराला घरात शिरावं लागतं, आणि छोट्या गावात शिरणारा ओळखीचा असतो. शनिअमावास्येला लाखोंनी माणसं लोटायला लागली की कोण कोणाला ओळखणार? अॅपवर तर शिरणाऱ्याला तोंडच नाही. फेल्डमनच्या लहान आणि मोठ्या कचेऱ्यांतला फरक इथे हजारपटीने मोठा झाला.

मिझोरममध्ये आयजोलहून निघालेल्या महामार्गावर सेलिंगच्या आसपास शेतकऱ्यांची माणूस नसलेली दुकानं असतात. भाजी, फळं, किमतीची पाटी, पैशांचा डबा. दुकान राखायला बसलं तर झूम शेतीवरचं दिवसाचं काम बुडतं, आणि भाजीच्या दोन जुड्या गेल्या तर नुकसान त्याहून कमी. विश्वासाचं हे रोकडं गणित मला फार आवडतं. 'व्यवस्था चालते का' हा प्रश्न दुकानदाराच्या तोंडी असा असतो: गळती किती, आणि राखणदार तिच्यापेक्षा महाग पडतो का?

कधीकधी राखणदार स्वस्त पडतो, आणि मग शहाणी माणसं तो ठेवतात. नाशिक-धुळ्याकडे पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धतीची सिंचनव्यवस्था गावांनी शतकानुशतकं आपापसात चालवली. पाण्याची पाळी ठरलेली, पीक ठरलेलं, सगळे एकमेकांचे सोयरे. तरी पाणी सोडायला पाटकरी होता आणि राखणीला जागल्या होता. एलिनॉर ऑस्ट्रॉमला २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते जगभरच्या अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. त्यांतल्या टिकलेल्या व्यवस्थांमध्ये तिला पहारा दिसला, फक्त तो घरचा होता, आणि पहिल्या चुकीला शिक्षा किरकोळ होती. जागल्या चोराला धरण्यासाठी जेवढा असतो, तेवढाच प्रामाणिक शेतकऱ्याच्या झोपेसाठी असतो. शेजारी रात्री पाणी फोडत नाहीये हे त्याला कळलं पाहिजे. नाहीतर आपणच एकटे मूर्ख, असं वाटायला लागतं, आणि तिथून पुढे कोणी थांबत नाही.

परीक्षांचं घोडं इथेच पेंड खातं. प्रिन्स्टन विद्यापीठात १८९३ मध्ये पर्यवेक्षकाविना परीक्षेची परंपरा सुरू झाली. विद्यार्थी शपथ लिहितो, आणि दुसऱ्याला कॉपी करताना पाहिलं तर कळवण्याचीही जबाबदारी घेतो. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत फसवणाऱ्याला खपवून घेणं हाही गुन्हाच. तरी तिथे १९५१ मध्ये सुमारे ९० छात्र बाहेर काढावे लागले, १९७६ मध्ये दीडशेच्या वर अडकले, आणि २०२० मध्ये कोविडच्या काळात घरून दिलेल्या गणिताच्या परीक्षेत ७३ जणांवर ठपका आला. शपथ लिहायला कोणाची ना नसते. वर्गमित्राचं नाव सांगायची वेळ आली की मात्र जीभ रेटत नाही. आपल्याकडे तर त्याला 'चुगली' हा एकच शब्द आहे, आणि तो काही चांगला नाही.

एक निष्कर्ष मात्र सहजी विसरता येत नाही. बंगळुरूच्या सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांना रेमा हॅना आणि शिंग-यी वांग यांनी फासे टाकायला दिले. ज्यांचे आकडे संशयास्पद चांगले आले, त्यांना सरकारी नोकरीची ओढ जास्त होती. डेन्मार्कमध्ये असाच प्रयोग झाला तेव्हा उलटं दिसलं, तिथे खरं सांगणारे सरकारी नोकरीकडे वळत होते. म्हणजे व्यवस्था माणसांना बिघडवते तशी ती आपल्याला साजेशी माणसं निवडूनही घेते. आता त्याच सज्जन डेन्मार्कचा करहिशेब ऐका. जे उत्पन्न मालक किंवा बँक परस्पर सरकारला कळवते त्यात चोरी एक टक्क्याच्याही खूप खाली. जे स्वतःच सांगायचं असतं, त्यात ४० टक्क्यांच्या आसपास.

आमच्या नाक्यावरच्या गाडीवाल्याला मी एकदा सरळच विचारलं, लोक खोटं सांगतात का? एकट्या माणसाकडे तो बघत नाही. चौघं आले की मात्र मनात मोजतो, कारण चौघांत पैसे देणारा एक असतो आणि तिसऱ्याने दुसऱ्यांदा काय घेतलं हे त्यालाही ठाऊक नसतं. (गटात माणसं एकेकटी असतानापेक्षा जास्त खोटं बोलतात, हे प्रयोगांतही दिसलंय. त्याने निबंध वाचलेला नाही.) मोबाइलवरून पैसे आल्याचा खोटा फोटो दाखवून दोघे-तिघे गेल्यानंतर त्याने साउंडबॉक्स बसवला. आता किती दिले हे यंत्र ओरडून सांगतं, किती खाल्ले हे अजून गिऱ्हाईकच सांगतं. आणि रात्री तो पाव मोजतो. लाद्या किती आल्या, किती उरल्या, गल्ल्यात आणि खात्यात मिळून किती जमले. चार-पाच पावांचा फरक रोज येतोच, म्हणाला. त्यातले दोन भाचा खातो, आणि विचारलं तर नाही म्हणतो.